लिफ्ट केलेली फोर बाय फोर परत स्टॉक हाइटला (कंपनीच्या मूळ उंचीला) आणायची, तर नुसत्या चार स्प्रिंगा बदलून भागेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेकंडहँड फोर बाय फोर घेतली, पुढं-मागं सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर) आणि कॉइल स्प्रिंग, आधीच्या मालकानं अंदाजे ३ इंच उचललेली. आई-वडिलांना चढता येत नाही, हायवेला गाडी भरकटते, ७०-८० च्या पुढं खालून थरथर येते. स्टॉकच्या चार स्प्रिंगा कुठूनतरी मिळाल्यात, त्या टाकल्या की काम झालं का, अलाइनमेंट लागेल का, आणि निघालेला माल विकावा का.

स्प्रिंगा टाकल्या की गाडी खाली येईल, यात वाद नाही. पण काम झालं असं नाही. गेली बरीच वर्षं मी गाड्या उचलतोय पण आणि खाली पण आणतोय, आणि खरं सांगायचं तर खाली आणायच्या कामात जास्त घोळ बघितलेत. कारण उचलताना माणूस किट घेतो, किटमध्ये काय काय आहे ते बॉक्सवर लिहिलेलं असतं, खाली आणताना मात्र बॉक्स नसतो, आधीच्या मालकानं (किंवा त्याच्याही आधीच्यानं) काय काय घातलंय ते गाडीखाली झोपून शोधावं लागतं. उंची बदलली की कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं कललेला कोन) बिघडतो, मग त्यावर उपाय म्हणून वेगळे बुश (सांध्यातले रबर), गिअरबॉक्सकडून ताकद नेणाऱ्या शाफ्टचा अँगल बिघडतो म्हणून स्पेसर, मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह फसतो म्हणून ब्रॅकेट. असे पाच-सात उपाय एकेका लिफ्टबरोबर आलेले असतात. तुम्ही नुसती उंची काढली आणि हे उपाय तसेच ठेवले तर तेच आता दुखणं होऊन बसतात, आगीतून निघून फुफाट्यात. अर्धी खाली आणलेली गाडी पूर्ण उचललेल्या गाडीपेक्षा वाईट चालते, हे मी पैजेवर सांगतो.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी मोजमाप. सपाट जागेवर उभी करा, टायरची हवा बरोबर करा, आणि व्हील हबच्या बरोबर मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांना मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची साइज घुसते. आता तुमच्या मॉडेलच्या न छेडलेल्या गाडीचा हाच आकडा मिळवा, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो किंवा तशीच एखादी कोरी गाडी शोधून मोजा. फरक निघेल तेवढी लिफ्ट, पण यात सस्पेन्शन लिफ्ट आणि बॉडी लिफ्ट दोन्ही मिसळलेल्या असू शकतात. बॉडी लिफ्ट म्हणजे बॉडी आणि चॅसिसच्या मध्ये घातलेले ठोकळे. ती ओळखायला बंपर आणि बॉडीमधली फट बघा, बॉडी माउंटपाशी रबराच्या वर किंवा खाली गोल ठोकळा दिसतोय का बघा. ३ इंच म्हणून विकलेल्या गाडीत २ इंच स्प्रिंगचे आणि १ इंच बॉडीचा असं पण सापडतं, आणि मग स्प्रिंगा बदलूनही गाडी उंच का दिसते म्हणून माणूस डोकं खाजवत बसतो.

टायर पण बघा. उदाहरण देतो, २६५/७० आर १६ टायरचा व्यास साधारण ७७७ मिमी, आणि २८५/७५ आर १६ चा साधारण ८३४. म्हणजे ५७ मिमी फरक, त्यातला अर्धा, साधारण २८ मिमी, गाडी वर जाते. आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा तुम्ही खरे १०७ वर असता. मोठे टायर ठेवून स्प्रिंग स्टॉक केली तर स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबलं की टायर आतल्या लायनरला, बंपरच्या कोपऱ्याला घासणार, त्यामुळे टायरचा निर्णय स्प्रिंगच्या आधी घ्यायचा. बाहेर काढलेल्या ऑफसेटच्या रिम किंवा व्हील स्पेसर असतील तर घासणं अजून वाढतं.

एक गोष्ट जी जवळजवळ कुणीच तपासत नाही ती म्हणजे डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्ट किती फेऱ्या फिरतो. मोठ्या टायरसाठी कुणी क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) बदललेले असतील आणि तुम्ही छोटे टायर घातले तर इंजिन हायवेला सारखं ओरडत राहणार. तपासायला सोपं आहे, गिअर न्यूट्रलला टाका, मागची दोन्ही चाकं उचला, दोन्ही चाकं एकत्र बरोबर एक फेरी फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा, ४ आणि थोडं जास्त आलं तर रेशो ४.१ च्या आसपास. ओपन डिफ (ज्यात दोन चाकं वेगवेगळी फिरू शकतात) असेल तर दोन्ही चाकं खरंच सारखी फिरतायत ना ते बघा, नाहीतर आकडा चुकेल. मागचा आणि पुढचा रेशो एकच असायला हवा, तो वेगळा निघाला तर फोर बाय फोर लावूच नका, तो वेगळाच विषय आहे.

आता स्प्रिंगा. तुम्हाला "स्टॉकच्या" म्हणून मिळाल्यात त्या खरंच तुमच्या गाडीच्या आहेत का? बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, ड्रायव्हरच्या बाजूची जराशी उंच, शिवाय डिझेल-पेट्रोल वेगळ्या, शॉर्ट-लाँग व्हीलबेस वेगळ्या. पेंटच्या खुणा किंवा टॅगवरचा नंबर बघून जुळवा. मोकळ्या स्प्रिंगची उंची शेजारी शेजारी ठेवून तुलना करायचा मोह होतो पण त्यानं फसाल, कारण जाड तारेची स्प्रिंग मोकळी असताना बुटकी दिसते आणि गाडीखाली गेल्यावर मात्र कमी दबते म्हणून गाडी उंच बसते. तार व्हर्नियरनं मोजा. तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं कडकपणा वाढतो, म्हणजे तार १० टक्के जाड असेल तर स्प्रिंग साधारण ४६ टक्के कडक. १५ मिमीच्या जागी १६.५ निघाली तर ती स्टॉक नाही, कुणीतरी हेवी ड्युटी स्प्रिंग स्टॉक सांगून खपवलीय. आणि जुन्या स्टॉक स्प्रिंगा बसलेल्या असतात, एक लाख किलोमीटर चाललेली स्प्रिंग घालून स्टॉक हाइट येईल ही अपेक्षा ठेवू नका, जमलं तर नव्याच घ्या.

गाडीवर वजन काय आहे ते पण यात धरा. स्टीलचा बुल बार, विंच, रूफ रॅक, मोठी टाकी हे सगळं असेल तर कंपनीच्या स्प्रिंगवर नाक खाली जाणार, कारण ती स्प्रिंग कोऱ्या गाडीच्या वजनाला बनवलीय. मग स्टॉक हाइटची पण जास्त कडकपणाची स्प्रिंग लागते, ती वेगळी मागावी लागते. किंवा मग बंपर पण परत कंपनीचा बसवा. तुम्ही आई-वडिलांना घेऊन फिरणार असाल तर मी म्हणेन वजन काढा.

आणि हो, सध्याच्या उंच स्प्रिंगा कापून घ्यायचा सल्ला कुणी देत असेल तर तिथून गाडी घेऊन निघा. ८ चालत्या वेढ्यांची स्प्रिंग एक वेढा कापून ७ ची केली की ती १४ टक्के कडक होते, बसायचं टोक सपाट राहत नाही, आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग सीटवरून निसटायला मोकळी. गॅसनं तापवून बसवणं त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं.

शॉकअपकडं वळू, कारण इथं पैसे वाचवायला जाऊन नुकसान होतं. लिफ्टबरोबर लांब शॉकअप घातलेले असतात. स्टॉक स्प्रिंगवर तेच ठेवले तर दोन्हीकडून मार. एक म्हणजे खड्ड्यात सस्पेन्शन दाबलं की बंप स्टॉप (चाल संपताना धक्का झेलणारं रबर) लागायच्या आधी शॉकअपच पूर्ण मिटतो, आतला व्हॉल्व्ह नाहीतर वरचं माउंट फुटतं. दुसरं म्हणजे चाक हवेत गेलं की लांब शॉकअप अ‍ॅक्सलला जास्त खाली जाऊ देतो आणि छोटी स्प्रिंग सीटमधून बाहेर येते. त्यामुळं शॉकअप स्टॉक लांबीचेच. ते बरोबर आहेत का हे बघायची माझी पद्धत अशी की स्प्रिंग न घालता फक्त शॉकअप लावायचे, जॅकनं अ‍ॅक्सल हळूहळू वर घ्यायचा बंप स्टॉप दाबला जाईपर्यंत, आणि त्या वेळी शॉकअपमध्ये १५-२० मिमी चाल शिल्लक आहे का बघायचं. दहा मिनिटं जातात पण नंतरची कटकट वाचते. हीच चाचणी करताना ब्रेकचे पाइप, एबीएसची वायर, शाफ्ट, टायर कुठं अडकतायत तेही दिसतं.

बंप स्टॉप म्हटलं की लक्षात आलं, लिफ्ट किटमध्ये बंप स्टॉपच्या खाली ठोकळे घालून ते लांब केलेले असतात. ते काढायचे. स्टॉक हाइटला बंप स्टॉपपर्यंत समजा ९० मिमी जागा असते, त्यात ५० चा ठोकळा राहिला तर उरले ४०, प्रत्येक स्पीड ब्रेकरला धाडकन आवाज येणार आणि तुम्ही म्हणणार नव्या शॉकअप खराब.

आता पुढच्या अ‍ॅक्सलचं. तुमची गाडी भरकटते याचं मुख्य कारण बहुतेक कॅस्टर. रेडियस आर्म, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलपासून मागं चॅसिसला जाणारे लांब दांडे, असलेल्या गाड्यांत (जुन्या लँड क्रूझर ८० सिरीज, निसान पॅट्रोल, डिफेंडर, जिम्नी या सगळ्या त्याच जातकुळीतल्या) आर्मचं मागचं टोक चॅसिसला असतं, चॅसिस वर गेली की ते टोक वर जातं आणि अख्खा अ‍ॅक्सल पुढच्या बाजूला गडगडतो. आर्म साधारण १ मीटरचा धरा आणि लिफ्ट ७५ मिमी, तर ४ डिग्रीपेक्षा जरा जास्तच फिरतो. स्टॉकचा कॅस्टरच ३ डिग्रीच्या आसपास असेल तर काय उरलं? शून्याच्याही खाली. मग स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर चाचपडत चालते. म्हणून उचलणारे लोक ऑफसेट बुश, कॅस्टर प्लेट, आर्म खाली घेणारे ब्रॅकेट किंवा वाकवलेले आर्म घालतात.

तुमच्या गाडीत दोनपैकी एक असणार. एकतर कॅस्टर दुरुस्त केलेलाच नाही, मग स्टॉक स्प्रिंग घातल्या की तो आपोआप जागेवर येईल आणि भरकटणं गायब. किंवा दुरुस्ती केलीय पण अपुरी, मग स्टॉक हाइटला कॅस्टर जास्त होईल, स्टेअरिंग जड, आणि महत्त्वाचं म्हणजे पुढच्या डिफरन्शियलचं नाक म्हणजे पिनियन जमिनीकडं झुकेल, पुढच्या शाफ्टच्या क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यावर) जास्त कोन पडेल आणि थरथर येईल. ऑफसेट बुश ओळखायला आर्मच्या अ‍ॅक्सलकडच्या टोकाला बघा, बोल्ट बुशच्या बरोबर मधोमध नसेल तर तो ऑफसेट आहे. हे बुश प्रेसनंच निघतात, घरी हातोड्यानं काढायचा नाद करू नका, आर्मच दुसऱ्याकडून काढून घ्या.

पॅनहार्ड रॉडचं (अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडं सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचं) गणित सोपं आहे. रॉडची लांबी ठरलेली, गाडी वर गेली की रॉड जास्त तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला चॅसिसवरच्या टोकाकडं ओढतो. म्हणून कुणी अ‍ॅडजस्टेबल रॉड घालून लांबी वाढवलेली असते. स्टॉक हाइटला ती लांबी तशीच ठेवली तर अ‍ॅक्सल उलट बाजूला सरकतो. चॅसिसच्या दोन्ही बाजूंपासून टायरपर्यंत मोजा, पुढं आणि मागं, ५ मिमीच्या आत आला की मी सोडून देतो. याच्याबरोबर पिटमन आर्म बघा, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सच्या खालचा. खाली वाकवलेला लिफ्टवाला आर्म असेल तर कंपनीचा परत घाला, नाहीतर ड्रॅग लिंक (पिटमन आर्मपासून चाकाकडं जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर राहणार नाहीत आणि खड्ड्यात गेल्यावर स्टेअरिंग हातातून आपोआप फिरेल. काढायच्या आधी शाफ्टवर आणि आर्मवर पंचनं खूण करा. पुलर वापरा, बाजूनं हातोडे मारू नका.

शाफ्ट. इथं जरा थांबतो कारण ही चूक महाग पडते. गाडी वर गेली की प्रोपेलर शाफ्टचा स्लिप जॉइंट (आत-बाहेर सरकणारा जोड) बाहेर ओढला जातो, म्हणून फ्लँजच्या मध्ये २०-२५ मिमीचा स्पेसर घालतात. गाडी खाली आणली आणि स्पेसर राहिला तर जोराच्या खड्ड्यात स्लिप जॉइंट पूर्ण आत जाऊन तळाला ठोकतो आणि तो धक्का थेट ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) बेअरिंगला. माझ्याकडं अशी एक गाडी आली होती, मालक म्हणे ट्रान्स्फर केस आवाज करतोय, दोन ठिकाणी उघडून झालेला, आणि रोग होता शाफ्टमधल्या त्या गोल चकतीत. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन. गिअरबॉक्सचा क्रॉस मेंबर खाली घेणारे ठोकळे असतील तर तेही काढा. दोन क्रॉसच्या साध्या शाफ्टमध्ये दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, मोबाइलवर अँगल मोजायचं अ‍ॅप असतं ते फ्लँजवर टेकवून बघा, एक-दीड डिग्रीच्या आत जुळले तर बास. तुमची ७०-८० ची थरथर बहुधा इथलीच आहे, पण क्रॉस हातानं हलवून पण बघा, वाकड्या कोनात फिरून फिरून ते झिजलेले असतात आणि उंची सरळ केल्यावर झिजलेला क्रॉस काही नवा होत नाही.

मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, हा सगळ्यात जास्त विसरला जातो, आणि मी स्वतः विसरलोय म्हणून सांगतोय. काही गाड्यांत चॅसिसवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडीत माल भरला की चॅसिस खाली येते, व्हॉल्व्हला कळतं, तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. गाडी उचलली की त्याला वाटतं कायम रिकामीच आहे, म्हणून लिफ्टवाले दांड्याखाली ब्रॅकेट घालून त्याला फसवतात. सुरुवातीच्या वर्षांत मी एक गाडी अशीच स्टॉक करून दिली, स्प्रिंगा, शॉकअप, बुश सगळं नीट, ब्रॅकेट मात्र तसंच राहिलं. पहिल्या पावसात मालकाचा फोन, ब्रेक मारला की मागची बाजू बाजूला जाते. साहजिकच होतं, व्हॉल्व्हच्या मते गाडी सतत माल भरून चालली होती, मागची चाकं आधीच लॉक होत होती. नशीब की रस्ता रिकामा होता. तेव्हापासून गाडी रॅम्पवर गेली की माझा पहिला हात त्या दांड्याकडं जातो. तुमच्या गाडीत हा व्हॉल्व्ह नसेलही, पण बघा.

अँटीरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारच्या) लांब लिंका काढून स्टॉकच्या लावा. लांब केलेले ब्रेक होज ठेवले तरी चालतात, फक्त जास्तीची लांबी टायरला किंवा स्प्रिंगला घासत नाही ना ते स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. डिफरन्शियलच्या ब्रीदरचा (आतली हवा ये-जा करायचा) पाइप वर नेलेला असेल तर तो अजिबात काढू नका, ती चांगलीच गोष्ट आहे.

प्रत्यक्ष काम करताना उचलण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण नवी स्प्रिंग बुटकी आहे. गाडीच्या घोड्या चॅसिसखाली, जॅक अ‍ॅक्सलखाली, उरलेल्या चाकांना ओट (घरंगळू नयेत म्हणून अडसर). शॉकअप आणि अँटीरोल बारच्या लिंका सोडा, अ‍ॅक्सल हळूहळू खाली घ्या, बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग हातानं निघते. उंच स्प्रिंग अडकली तर पॅनहार्ड सोडून अ‍ॅक्सलला एका बाजूला आणखी झुकू द्या, पहारीनं उपटू नका. अ‍ॅक्सल ब्रेकच्या पाइपवर लोंबकळणार नाही याकडं लक्ष ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण तरी सांगतो, दर वर्षी कुणीतरी विसरतोच. आदल्या दिवशी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा.

आणि आता ज्याच्यामुळं चांगलं केलेलं काम फुकट जातं ते: रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. रबर बुश फिरत नाही, तो पिळला जातो. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना आर्मचा बोल्ट टाइट केला तर रबरानं तीच आपली जागा धरली, मग गाडी खाली उतरवली की ते कायम पिळलेलं. त्यामुळं गाडी १०-१५ मिमी उंच राहते (आणि लोक स्प्रिंगला शिव्या घालतात) आणि काही महिन्यांत बुश फाटतो. म्हणून सगळे बोल्ट हातानं घट्ट, गाडी चाकांवर खाली, थोडी पुढं-मागं ढकला, बंपरवर उभं राहून दोन-चार वेळा दाबा, आणि मग खाली सरपटत जाऊन टॉर्क रेंचनं मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. जागा कमी पडते, मान दुखते, पण दुसरा रस्ता नाही. रॅम्प असेल आणि तो चाकांखालून उचलणारा असेल तर सुखच.

ज्यांची गाडी वेगळ्या जातीची आहे त्यांच्यासाठी चार शब्द. पुढं टॉर्शन बार (कॉइलऐवजी पिळला जाणारा लांब दांडा) असेल तर लिफ्ट म्हणजे बहुतेक नुसता अ‍ॅडजस्टिंग बोल्ट आवळलेला असतो, तो ढिला करायचा की झालं, पण चाकं हवेत उचलून करा, बोल्टवर भार असताना फिरवला तर आटे जातात. दोन्ही बाजूंचे फेरे मोजा, गाडी खाली घ्या, थोडी चालवा आणि मग मोजा, लगेच मोजलं तर टायर आडवे अडकून राहिल्यानं आकडा खोटा येतो. बार बाहेर काढलेच तर डावा-उजवा अदलाबदल करू नका, ते एकाच दिशेला पिळायला बनवलेले असतात. पुढं कॉइलओव्हर (शॉकअपभोवतीच बसवलेली स्प्रिंग, म्हणजे स्ट्रट) असेल तर स्ट्रटच्या डोक्यावरचा स्पेसर शोधा, आणि तो २५ मिमीचा दिसला तरी चाकापाशी उंची त्याच्या जवळजवळ दुप्पट पडते, कारण स्ट्रट आर्मच्या मध्यावर कुठंतरी टेकलेला असतो. स्ट्रट उघडायची वेळ आली तर ज्याच्याकडं दणकट स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे त्याच्याकडंच जा, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. डिफ खाली घेणारे ठोकळे असतील तर तेही काढा, नाहीतर सीव्ही जॉइंट (चाकांना ताकद देणाऱ्या दांड्यांचे सांधे) उलट कोनात चालतील.

कमानपाट्यांच्या गाडीत बघायचं ते शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी हलती पट्टी), ठोकळे आणि जास्तीचा पाटा. शॅकल जेवढी लांब केली त्याच्या साधारण निम्मी उंची मिळते, म्हणजे ५० मिमी लांब शॅकल काढली की २५ मिमी खाली. अ‍ॅक्सल आणि पाट्यांमधला ठोकळा काढला तर लांब यू बोल्ट तसेच वापरता येत नाहीत, नट आट्यांच्या शेवटाला जाऊन थांबतो, हाताला टाइट लागतो आणि पाटे मात्र मोकळेच. यू बोल्ट नवेच, बरोबर लांबीचे. कोन द्यायला घातलेल्या पाचरी पण काढा. आणि पाटे अ‍ॅक्सलच्या खालून वर नेलेले असतील, जुन्या जिप्सीसारख्या गाड्यांत करतात, तर ते वेल्डिंगचं काम आहे, जुन्या बैठका कापून पिनियनचा कोन परत सेट करावा लागतो, ते घरचं काम नव्हे. बॉडी लिफ्ट काढताना रेडिएटरच्या फॅनचं कव्हर, स्टेअरिंग शाफ्टचा जोड, डिझेल भरायचा पाइप, गिअर लिव्हर आणि अर्थिंगच्या पट्ट्या एवढं बघून घ्या, विशेषतः फॅनचं कव्हर, ते खाली सरकवलेलं राहिलं तर पहिल्याच स्टार्टला फॅन ते खातो.

अलाइनमेंट लागेलच. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये कँबर (चाकाचा आत-बाहेरचा कल) सेट होत नाही, कॅस्टर बुशवर अवलंबून, त्यामुळं सेट होणार तो टो (चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली) आणि स्टेअरिंगचा मध्य. पण कॅस्टरचा आकडा छापून मागा, "सगळं ओके आहे" यावर समाधान मानू नका, बुश बदलायचे की नाही ते त्या आकड्यावरून ठरतं. लगेच करू नका, नव्या स्प्रिंगा पहिल्या काही आठवड्यांत थोड्या बसतात, सुरुवातीला टो पट्टीनं अंदाजे लावून गाडी ५०० किलोमीटर चालवा आणि मग मशीनवर न्या. त्याच वेळी सगळे बोल्ट, विशेषतः यू बोल्ट आणि आर्मचे, परत टॉर्क करा. हेडलाइटचा झोत भिंतीवर बघून परत सेट करा. नवीन गाडी असेल, काचेवर कॅमेरा किंवा पुढं रडार असेल, तर त्याचं कॅलिब्रेशन पण करून घ्यावं लागतं, तो खर्च आधीच धरा.

खर्च वाचवायचा असेल तर तुमच्या बाबतीत माझा क्रम असा: स्प्रिंगा आणि शॉकअप एकत्रच, वेगवेगळे नाहीत. बंप स्टॉपचे ठोकळे, शाफ्टचा स्पेसर आणि ब्रेकचं ब्रॅकेट काढायला पैसे लागत नाहीत, फक्त शोधावं लागतं, ते त्याच दिवशी. टायर थोडे मोठे असतील आणि घासत नसतील तर झिजेपर्यंत चालवा. ऑफसेट बुशचं अलाइनमेंटच्या कागदावर ठरवा, कॅस्टर स्टॉकपेक्षा एक-दीड डिग्री जास्त असेल आणि थरथर नसेल तर मी हात लावणार नाही, हायवेला उलट बरी चालते.

निघालेला माल विकायला हरकत नाही, पण स्प्रिंगा एकाला, शॉकअप दुसऱ्याला आणि ब्रॅकेटं भंगारात असं करू नका. सगळं एका खोक्यात भरा, स्प्रिंगांवर पुढची-मागची, डावी-उजवी असं मार्करनं लिहा, काढायच्या आधी तुम्ही मोजलेले चारही चाकांचे आकडे एका कागदावर लिहून आत टाका आणि घेणाऱ्याला सांगा की गाडीवर वजन किती असताना ही उंची आली होती.